कापडाचं आभाळ: ‘अपराजितो’मधल्या चौकाच्या उजेडाचं प्रकरण

१९५६ साली सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ या बंगाली चित्रपटासाठी कोलकात्याच्या एका स्टुडिओत बनारसमधल्या घराचा सेट उभा राहिला. मधे चौक आणि चौकाच्या कडेने खोल्या. हे घर आधी उघड्यावर बांधायचं ठरलं होतं, म्हणजे चौकाच्या डोक्यावर खरं आभाळ राहिलं असतं. पण पावसाळ्याचं भय होतं. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्ता यांनी बेत बदलला आणि सेट स्टुडिओच्या छपराखाली घेतला. वेळापत्रकाच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. छायालेखक सुब्रत मित्रा यांना मात्र तो मान्य नव्हता. अशा चौकात वरून उतरणारा, सावली न पाडणारा उजेड स्टुडिओत तयारच करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. राय आणि चंद्रगुप्ता या दोघांशीही त्यांनी वाद घातला. वादाचा उपयोग झाला नाही, सेट छपराखालीच राहिला, आणि जे अशक्य आहे असं ते सांगत होते ते करून दाखवणं त्यांच्याच वाट्याला आलं.

सिनेमॅटोग्राफी शिकायला लागलं की पहिल्यांदा शॉटची नावं पाठ होतात: लाँग, मिड, क्लोजअप, लो अँगल, टॉप अँगल. मग चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करून माणसाला कुठल्या रेघेवर ठेवायचं ते शिकवलं जातं. हे सगळं लागतंच. पण फ्रेमची रचना तिथे सुरू होत नाही असं मला ठामपणे वाटतं. ती सुरू होते ‘या जागेत उजेड कुठून येतो?’ या प्रश्नापाशी. नट कुठे उभा राहील, किती पावलं चालू शकेल, भिंतीला टेकू शकेल का, कॅमेरा किती बाजूंनी बघू शकेल, मागच्या दारातला माणूस फोकसमध्ये राहील की विरघळून जाईल, या सगळ्याची उत्तरं त्या एका उत्तरातून निघतात. ‘अपराजितो’च्या सेटवर हा प्रश्न कुठल्याही आडपडद्याशिवाय समोर उभा राहिला, म्हणून हे एकच प्रकरण शेवटपर्यंत उलगडून बघण्यासारखं आहे.

आधीच्या चित्रपटात ही अडचण का आली नाही

‘अपराजितो’ हा ज्याचा पुढचा भाग, त्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) मधली दिवसाची दृश्यं कोलकात्याजवळच्या बोडाल गावात, खऱ्या पडक्या घरात चित्रित झाली. तिथे आभाळ आयतं मिळत होतं. ढग आले तर थांबायचं, ऊन सरकलं तर कॅमेरा सरकवायचा. रात्रीची दृश्यं स्टुडिओत झाली. आता रात्रीचा उजेड स्टुडिओत करणं तुलनेने सोपं असतं. कंदील, पणती, चूल, हे सगळे लहान उगम आहेत आणि बहुतेकदा फ्रेममध्येच दिसतात. स्टुडिओतला दिवाही लहानच उगम. कंदिलाच्या बाजूने दिवा टाकला की नक्कल पटते.

‘अपराजितो’त दिवसाचं घर स्टुडिओत आलं. त्यातही त्याच घराच्या दाराबाहेरचं जग खरं होतं. घाट, गल्ल्या, पायऱ्या हे सगळं प्रत्यक्ष बनारसमध्ये चित्रित केलेलं. राय यांनी मार्च १९५६ मध्ये बनारसमध्ये लिहिलेल्या नोंदी प्रसिद्ध आहेत. त्यात बंगालीटोल्यातल्या गल्ल्यांबद्दल त्यांनी एक फार उपयोगी निरीक्षण केलं आहे. गल्लीची वळणं, घरांच्या दर्शनी भागातले खाचेखोचे, दारं-खिडक्यांची रांग याबद्दल लिहिताना ते म्हणतात की इथला उजेड बदलत नाही, सकाळी घेतलेला शॉट दुपारचा म्हणूनही खपून जाईल. कारण उघड आहे. गल्ली इतकी अरुंद आणि दोन्हीकडची घरं इतकी उंच की ऊन तळाशी पोचतच नाही. खाली उतरतो तो फक्त वरच्या आभाळाच्या पट्टीतून झिरपलेला उजेड.

आता अपूला, गोष्टीतल्या मुलाला, त्या गल्लीतून पळत येऊन घराच्या दारात शिरायचं आहे. कट होतो. कटच्या अलीकडे बनारस, पलीकडे ६०० हून अधिक किलोमीटरवरचा कोलकात्याचा स्टुडिओ. पोराचा चेहरा तोच, सदरा तोच. उजेडाची जात बदलली, तर उंबरठ्यावरच घर खोटं पडतं. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण त्याला ते कळतं. सुब्रत मित्रांचा वाद याच कटसाठी होता असं मी मानतो. नुसता सुंदर उजेड त्यांना स्टुडिओत सहज करता आला असता. त्यांना हवा होता तो गल्लीतल्या उजेडाचा सख्खा भाऊ.

चौकात उतरणारा उजेड

वाई, नाशिक किंवा पुण्यातल्या वाड्याचा चौक ज्यांनी पाहिला आहे त्यांना बनारसचं हे घर समजावून सांगावं लागणार नाही. सकाळी उशिरा, ऊन अजून भिंतीच्या वरच्या टोकाशीच असताना, चौकाच्या मधोमध उभं राहून हात पुढे धरा. फरशीवर हाताची सावली पडत नाही. हात फरशीच्या अगदी जवळ नेला तर खाली थोडा काळोख साठतो, त्यालाही कड नसते. ओसरीवर या, आता उजेड वरून न येता एका बाजूने येतो आणि चेहऱ्याचा चौकाकडचा अर्धा भाग उजळ, दुसरा मऊ अंधारात. आत माजघरात शिरलात तर उंबऱ्यापाशी उजेडाची एक पट्टी आणि तिच्या मागे खोलीभर काळोख. उगम एकच, वरचा आभाळाचा चौकोन. पण चार पावलांत त्याने तीन वेगळे चेहरे दाखवले. बनारसच्या घराची मांडणी याच तत्त्वाची, आणि मित्रांना स्टुडिओत हे तीनही उजेड एकमेकांशी नातं राखून हवे होते.

सावलीला कड का येते ते इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रकाश देणारी वस्तू आपल्या जागेवरून किती मोठी दिसते, यावर सावलीची कड ठरते. सूर्य प्रत्यक्षात अवाढव्य आहे, पण पृथ्वीवरून तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून उन्हातली सावली कात्रीने कापल्यासारखी असते. ढगाळ आभाळ सगळीकडून उजेड देतं. एखाद्या बाजूचा उजेड तुम्ही अडवलात तरी बाकीच्या बाजूंचा तिथे पोचतो, म्हणून सावली उरतच नाही. दिव्याची ताकद इथे गौण आहे. दहापट ताकदीचा दिवा लावला तरी त्याचं तोंड लहान असेल तर सावली तितकीच कडक, फक्त जास्त झगझगीत फ्रेममध्ये.

त्या काळच्या स्टुडिओतले दिवे असेच होते. पुढे भिंग असलेले, उजेड एका दिशेने फेकणारे. आपल्याकडचे लाईटमन ज्यांना ‘सोलर’, ‘बेबी’ म्हणतात त्या कुळातले. काम करायची पद्धतही ठरलेली: एका बाजूने मुख्य म्हणजे की लाईट, दुसऱ्या बाजूने सावली सौम्य करणारा फिल, आणि केसांना-खांद्यांना कड देणारा बॅक लाईट. एका जागी बसलेल्या नटीच्या क्लोजअपसाठी ही पद्धत उत्तम आहे आणि तिने पडद्यावर अप्रतिम चेहरे दिले आहेत. पण चौकात काय होईल? अपूची आई सर्वजया स्वयंपाकाच्या जागेपासून दारापर्यंत चालत जाते. पहिल्या दिव्याची सावली भिंतीवर चढते. फिलची दुसरी, फिकट सावली तिच्या शेजारून सरकते. बॅक लाईटची तिसरी फरशीवर तिच्या पुढेपुढे धावते. आभाळाखाली असलेल्या बाईला तीन सावल्या! मग त्या लपवण्यासाठी तिला भिंतीपासून दूर चालवायचं, ठरल्या खुणेवरच थांबवायचं, कॅमेरा सावली न दिसणाऱ्या बाजूलाच ठेवायचा. म्हणजे फ्रेम दिग्दर्शकाने ठरवायच्या आधीच दिव्यांनी ठरवून टाकली.

कापड

मित्रांचा तोवरचा प्रवास बघितला की त्यांनी हट्ट का धरला ते कळतं. १९३० साली जन्मलेला हा माणूस ‘पथेर पांचाली’चं काम सुरू झालं तेव्हा बावीसच्या आसपास होता आणि त्याने त्याआधी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. त्याची शाळा म्हणजे बंगालमध्ये झालेलं फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार यांच्या ‘द रिव्हर’चं चित्रीकरण. तिथे त्याला काम मिळालं नाही, बघत बसायची परवानगी मिळाली. तो दिवे कुठे आहेत, कॅमेरा कुठून कुठे जातो, नट कसे हलतात, याची रेखाटनं आणि टिपणं करत राहिला. ती इतकी चोख होती की छायालेखक क्लोद रन्वार यांनी प्रकाशयोजना जुळवण्यासाठी ती मागून घेतल्याची आठवण सांगितली जाते. बन्सी चंद्रगुप्ताही त्याच चित्रपटाच्या कलाविभागात होते आणि राय चित्रीकरण बघायला जात. शिवाय मित्रांच्या डोळ्यांसमोर फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांची छायाचित्रं होती, जिथे आहे त्या उजेडात टिपलेली माणसं आहेत. अशा माणसाला तीन सावल्यांची बाई सोसणं शक्यच नव्हतं.

त्यांनी केलेली गोष्ट सांगायला एक वाक्य पुरतं. चौकाच्या वर, जिथे आभाळ असायला हवं तिथे, त्यांनी चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड बसवलं आणि दिवे खाली ठेवून त्यांची तोंडं नटांकडे न करता त्या कापडाकडे केली.

दिव्याने नटाला उजळायचं हा तोवरचा रिवाज होता. इथे दिवा कापडाला उजळतो आणि कापड नटाला. नटाच्या दृष्टीने उगम आता दिवा नाही, अख्खं कापड आहे. आकड्यांत बघायचं तर, उदाहरणादाखल धरा की कापड ४ मीटर रुंद आहे आणि चेहऱ्यापासून ४ मीटर उंचीवर आहे. चेहऱ्यावरून ते ५० अंशांहून जास्त मोठं दिसतं. सूर्याच्या शंभरपट रुंद! सावलीला कड येणार कुठून?

दुसरा फायदा तितकाच मोठा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दिव्यापासून २ मीटरवर असलेला नट ४ मीटरवर गेला की त्याच्यावर पडणारा उजेड एक चतुर्थांश होतो, छायालेखकाच्या भाषेत दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). म्हणून खोलीत चालणाऱ्या नटासाठी वाटेवर दिव्यांची साखळी लावावी लागते आणि प्रत्येक कडी नवी सावली घेऊन येते. डोक्यावर मोठं कापड असलं की चौकातल्या चौकात चालताना उजेड फार बदलत नाही. कडेला गेलं की कमी होतो, पण हळूहळू, खऱ्या चौकात होतो तसाच. आणि ओसरीच्या छपराखाली गेलं की कापडाचा काही भाग झाकला जातो, उजेड आपोआप बाजूचा होतो. खोलीत शिरलं की दारातून दिसेल तेवढाच कापडाचा तुकडा उरतो. मघाशी सांगितलेले तीनही उजेड वेगळे लावावे लागत नाहीत. आभाळाच्या जागी आभाळासारखं काही ठेवलं की घर स्वतःच ते तयार करतं. मला या प्रकरणातली सगळ्यात देखणी गोष्ट ही वाटते.

याची किंमत होती. कापडावर आपटलेला उजेड सगळ्या दिशांना विखुरतो, त्यातला थोडाच नटापर्यंत येतो. बाकीचा भिंतींवर, छपरावर, वाया. तेवढ्याच उजेडासाठी कितीतरी जास्त दिवे लागतात, आणि त्या काळातली फिल्म आजच्या कॅमेऱ्यांच्या मानाने फारच मंद, म्हणजे तिला जास्त उजेड लागायचा. उजेड पुरत नसेल तर लेन्सचं छिद्र उघडायचं. एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं; एफ ५.६ वरून एफ २.८ वर आलं की चौपट उजेड आत येतो, पण फोकसमध्ये राहणाऱ्या अंतराची पट्टी आक्रसते. मग पुढची सर्वजया स्पष्ट आणि मागच्या दारातला अपू धूसर, किंवा उलट. दिवे किती आणि छिद्र किती, हा सौदा त्यामुळे रोजचाच. कापडाने सगळं फुकट दिलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

फ्रेममध्ये काय बदललं

चित्रपट पुन्हा बघाल तेव्हा बनारसच्या घरातला भाग संवादाशिवाय, आवाज बंद करून बघा. माणसं भिंतीला लागून वावरतात. खांबाला टेकतात, दाराच्या चौकटीत थबकतात, चौक ओलांडतात, परत येतात. खुणेवर येऊन थांबल्याचा भास होत नाही. सर्वजया झालेल्या करुणा बॅनर्जींचा अभिनय मुळातच कमी हालचालींचा आणि अचूक आहे. त्यांना ‘इथेच थांबा, नाहीतर सावली पडेल’ असं सांगावं लागलं असतं तर त्यातला सैलपणा गेला असता. पिनाकी सेनगुप्ता हा लहानगा अपू तर पोरच. पोराला खुणेवर उभं करून नैसर्गिक वागायला सांगणं किती अवघड आहे हे ज्यांनी मुलांबरोबर काम केलं आहे त्यांना विचारा.

चित्रपटाची चौकट जवळपास चौरस आहे, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजच्या रुंद पडद्याची सवय असलेल्याला ती आखूड वाटते. पण दार, खांब, जिना, उभा माणूस या उभ्या गोष्टींना ती फार छान मापाची आहे. दाराची चौकट फ्रेममध्ये घेतली की तिच्या दोन्ही बाजूंना फार रिकामी जागा उरत नाही, नजर आपोआप दाराच्या आत जाते. आता यात उजेड मिळवा. अंधाऱ्या खोलीतून चौकाकडे बघितलं तर दाराची काळी कड आणि आत उजळ चौकोन. चौकातून खोलीकडे बघितलं तर उजळ कड आणि आत काळोख, त्यात शिरणारा माणूस दोन पावलांत विझतो. फ्रेममधली फ्रेम तयार करायला वेगळी सजावट लागत नाही. पुढे, मधे, मागे असे खोलीचे तीन थर डोळ्याला कळतात, कारण प्रत्येक थराचा उजेड वेगळा आहे. कृष्णधवल चित्रात तर हाच आधार. तिथे लाल साडी आणि हिरवी भिंत एकाच राखाडी रंगाच्या होऊ शकतात, वेगळेपण फक्त उजेडाच्या पायऱ्यांतून येतं.

वरून येणाऱ्या उजेडाचा एक जुना दोष आहे. डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात, नाकाखाली-हनुवटीखाली काळोख जमतो, चेहरा आजारी दिसतो. खऱ्या चौकात तसं फारसं होत नाही, कारण फरशी आणि भिंती उजेड परत वर फेकतात. म्हणजे सेटच्या भिंतीचा रंग, फरशीचा पोत हा प्रकाशयोजनेचाच भाग झाला. भिंत फार गडद केली तर चेहरे बुडतील, फार पांढरी केली तर जुनं घर नवं दिसेल आणि सगळीकडे सारखाच उजेड पसरेल. चंद्रगुप्ता हे वापरलेल्या, पावसापाण्याने खाल्लेल्या भिंती उभ्या करण्यात निष्णात होते. ज्यांच्याशी वाद झाला त्यांच्याच भिंतींनी मित्रांच्या कापडाला साथ दिली. चेहऱ्याभोवती घेतलेला फिकट पदरसुद्धा हनुवटीखाली थोडा उजेड टाकतो. वेशभूषा, रंगारी, छायालेखक यांची खाती कागदावर वेगळी असतात, लेन्ससमोर ती एकच होतात.

आता गोष्टीकडे येऊ, कारण उजेड गोष्टीसाठी आहे. गाव सोडून आलेलं हे कुटुंब परक्या शहरात भाड्याच्या घरात राहतं. चौक हा सगळ्यांच्या नजरेतला, खोली तेवढी आडोशाची. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली येतो तेव्हा सर्वजयेला वाटणारं संकोचाचं, मग भीतीचं सावट आपल्याला कुणी समजावून सांगत नाही. अपूचे वडील हरिहर आजारी पडून अंथरुणाला खिळल्यावर ती आणखी एकटी पडते. चौकातल्या त्या मऊ, निःपक्ष उजेडात काहीही ठळक करून दाखवलेलं नाही. खलनायकावर खालून दिवा नाही, नायिकेच्या केसांना चंदेरी कड नाही. म्हणूनच आपण माणसांकडे बघतो, त्यांच्या घुटमळण्याकडे, वळण्याकडे, पदर सावरण्याकडे. नाट्यमय उजेडाला माझा विरोध नाही. मित्रांनीच पुढे झुंबरांच्या ‘जलसाघर’चं (१९५८) छायालेखन केलं आहे आणि तिथे गोष्टच अंधार-झगमगाटाची आहे. पण या घरात तसा उजेड आला असता तर त्याने सर्वजयेच्या आधी बोलायला सुरुवात केली असती.

हरिहरच्या मृत्यूचं दृश्य पहाटेचं आहे. अपू गंगेचं पाणी आणतो, बापाच्या तोंडात घालतात, मान कलंडते आणि कट थेट आकाशात उडणाऱ्या कबुतरांच्या थव्यावर जातो. जगभर गाजलेला कट आहे हा. त्याच्याबद्दल बोलताना लोक कबुतरांबद्दल बोलतात. मला अलीकडच्या शॉटबद्दल बोलावंसं वाटतं. ते बंद खोलीतलं, स्टुडिओतलं, दिव्यांनी केलेलं चित्र आहे आणि त्याला लागून खरं, उघडं आकाश येतं. आतला उजेड जरा जरी रंगमंचावरचा वाटला असता तर तो कट दोन वेगळ्या चित्रपटांमधला वाटला असता. प्राण गेला आणि पाखरं उडाली हे आपल्याला एका श्वासात जाणवतं, त्यात त्या आतल्या उजेडाचा वाटा अर्धा आहे.

पुढे

‘अपराजितो’ला १९५७ च्या व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बाउन्स लाईटिंग या नावाने ही पद्धत मित्रांनी पुढच्या चित्रपटांत वाढवत नेली. राय यांच्यासाठी त्यांनी एकूण दहा चित्रपट केले, ‘पथेर पांचाली’पासून ‘नायक’पर्यंत (१९६६). राय यांनी लिहून ठेवलं आहे की सुब्रतने विकसित केलेल्या विखुरलेल्या उजेडाच्या पद्धतीमुळे दिवसाच्या उजेडाची नक्कल विलक्षण जवळ जाते, आणि वास्तववादी चित्रपटासाठी ही पद्धत अत्यंत योग्य आहे. पुढे स्वीडनचे छायालेखक स्वेन निक्विस्ट यांनी दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांच्या चित्रपटांत असाच परावर्तित उजेड वापरला आणि त्याची जगभर चर्चा झाली, तेव्हा आपण हे त्याच्या कितीतरी आधीपासून करत होतो, असं राय यांनी नमूद केलं. फ्रान्समध्ये छायालेखक राऊल कुतार यांनीही साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर दिवे छताकडे वळवून खऱ्या खोल्यांत काम केलं.

जगात पहिला कोण, यावर भारतीय लेखनात बरीच शाई खर्च होते. मित्रांना श्रेय मिळायलाच हवं आणि ते इंग्रजी पुस्तकांतून बराच काळ पुरेसं मिळालं नाही, हे खरं आहे. पण तिन्ही ठिकाणी कारणं वेगळी होती. कुतार यांना खऱ्या खोलीत कॅमेरा मोकळा फिरवायचा होता. निक्विस्ट उत्तरेकडच्या फिकट, तिरप्या दिवसाच्या मागे होते. मित्रांच्या डोक्यावर बनारसच्या आभाळाचा एक चौकोन होता. कापड सारखं दिसतं, प्रश्न सारखा नाही. विद्यार्थ्याने उत्तर उचलण्याआधी हा फरक ध्यानात घ्यावा असं मला कळकळीने वाटतं, कारण सध्या नेमकं उलट घडतं.

आज कुठल्याही सेटवर ‘बाउन्स मार’ म्हटलं की थर्माकोलची शीट येते आणि दिवा तिच्याकडे वळतो. एलईडी पॅनेलवर मऊ कापडाची पेटी चढवली की उजेड आपसूक सौम्य. मोबाईलवर लघुपट करणाऱ्या मुलांनाही हे जमतं. मऊ उजेड स्वस्त झाला, आणि त्याबरोबर एक रोग आला: सगळीकडून सारखा मऊ उजेड. चेहऱ्याला बाजू नाही, खोलीला खोली नाही, पुढचा माणूस आणि मागची भिंत एकाच पातळीवर. मित्रांच्या चौकात उजेड मऊ होता, पण त्याची दिशा पक्की होती: वरून, आणि फक्त त्या चौकोनातून. कडेच्या खोल्या अंधाऱ्याच ठेवलेल्या. तो अंधार हा योजनेचा अर्धा भाग आहे.

म्हणून करून बघायचं असेल तर जुन्या चाळीचा किंवा वाड्याचा चौक शोधत बसायची गरज नाही. खिडकी असलेली एक खोली घ्या आणि या खोलीत दिवसा उजेड कुठून येतो हे आधी अर्धा तास नुसतं बघा. खिडकी असेल त्या बाजूला, शक्य तितकं मोठं पांढरं कापड किंवा दोन-तीन थर्माकोलच्या शीट जोडून उभ्या करा आणि दिवा त्यांच्यावर टाका. बाकीच्या तीन बाजूंनी काहीही लावू नका. भिंती पांढऱ्या असतील तर त्या उजेड परत फेकून सगळं सपाट करतील, तेव्हा कॅमेऱ्याला दिसत नाही त्या बाजूच्या भिंतीवर काळं कापड टांगा. मोबाईल असेल तर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर ठरवून लॉक करा, नाहीतर नट हलला की फोन आपल्या मर्जीने खोली उजळ-गडद करत बसतो. मग नटाला सांगा, हवं तिथे चाल. खिडकीपासून आतपर्यंत, आतून दारापर्यंत. त्याच्या मागोमाग बघत जा. कुठे चेहरा अर्धा उजळतो, कुठे नुसती आकृती उरते, कुठे डोळ्यांतला चमकता ठिपका दिसेनासा होतो, या जागा जमिनीवर खडूने मांडा. कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्या खुणा सांगतील. डोळे काळे पडत असतील तर छातीच्या उंचीवर, फ्रेमच्या खालच्या कडेबाहेर, थर्माकोलचा एक लहान तुकडा आडवा धरायला कुणाला तरी बसवा. मोठं कापड नटाच्या जितकं जवळ येईल तितका उजेड मऊ होईल आणि मागची भिंत तितकी गडद राहील, तेव्हा ते फ्रेमच्या कडेला दिसू लागेपर्यंत पुढे आणा, मग बोटभर मागे घ्या आणि तिथेच बांधून टाका.